जुन्या गाडीचा रंग: घासून उजळायचा की नव्याने मारायचा?

बाबांची लाल हॅचबॅक २००९ सालची. पहिली बारा वर्षं ती पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, दुपारचं सगळं ऊन अंगावर घेत उभी होती. बाबा रत्नागिरीला राहायला गेले तेव्हा गाडीही गेली आणि उन्हाच्या जोडीला खारा वारा आला. आज तिच्याकडे पाहिलं तर एकाच गाडीत चार गाड्या दिसतात. टपावरचे पापुद्रे सुटलेत. बॉनेट गुलाबीसर आणि निस्तेज झालंय. दारं धुतली की अजून छान दिसतात, फक्त उन्हात त्यांच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकतात. आणि डाव्या दाराखालच्या पट्टीवर रंगाला दोन फोड आलेत.

मी तीन ठिकाणी विचारलं. पहिले म्हणाले, "फुल बॉडी मारून टाका." दुसरे म्हणाले, "रबिंग-पॉलिश करतो, वर सिरॅमिक मारतो, आरसा होईल." तिसऱ्यांनी विचारलं, "ताई, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता?" तिघांचंही उत्तर अख्ख्या गाडीसाठी एकच होतं, आणि मला वाटतं चूक तिथेच होते. टप, बॉनेट, दार, बंपर यांचं प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. म्हणून प्रश्न प्रत्येक पॅनलला वेगळा विचारावा लागतो, आणि तो एकच आहे: तुझा वरचा थर अजून शिल्लक आहे का? असेल तर पॉलिशला अर्थ आहे. नसेल तर कितीही महागडं पॉलिश आणा, ते घासणार कशाला?

रंग किती जाड असतो?

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सगळ्यात खालचा थर गंजरोधक. अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने रंग पत्र्यावर ओढून बसवतात, त्यामुळे तो दाराच्या आतल्या कोपऱ्यातही पोचतो. त्यावर प्रायमर-सरफेसर, जो पृष्ठभाग सपाट करतो. मग बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. हा थर गंमत वाटेल इतका पातळ असतो, १५-२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या पेंटरांकडे याला लॅकर म्हणतात. सगळं मिळून १०० ते १३० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पत्रा आणि पाऊस यांच्यामध्ये जे काही आहे, ते दोन केसांइतकंही जाड नाही.

चमक या क्लिअर कोटची असते. ऊन झेलण्याचं कामही त्याचंच. त्यात अतिनील किरण शोषणारे घटक घातलेले असतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते संपत जातात, मग रेझिनच्या, म्हणजे थर बांधून ठेवणाऱ्या द्रव्याच्या, साखळ्या तुटायला लागतात, थर ठिसूळ होतो आणि एक दिवस भर उन्हाळ्यात टपावर नखाएवढा पांढरा डाग दिसतो. पुढच्या पावसाळ्यात त्या डागाच्या कडेखाली पाणी शिरतं आणि तो हाताच्या पंजाएवढा होतो. टप आणि बॉनेट आधी जातात याचं कारण सरळ आहे: ते आडवे आहेत. ऊन थेट पडतं, दव आणि पाणी त्यांच्यावर साचून राहतं, पक्ष्यांची विष्ठा वाहून जात नाही. दारं उभी असल्याने त्यांच्या वाट्याला तिरपं ऊन येतं.

सगळ्याच गाड्यांवर मात्र क्लिअर कोट नसतो. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात रंग एकथरी असायचा, रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात. नंतरच्याही बऱ्याच पांढऱ्या छोट्या गाड्या अशाच रंगवलेल्या आहेत. एकथरी रंग म्हातारा होतो तेव्हा पापुद्रे सुटत नाहीत, त्यावर खडूसारखी भुकटी येते. हात फिरवला की बोटं पांढरी होतात. दिसायला हे भयंकर दिसतं, पण खरं तर ही चांगली बातमी आहे. मेलेला भाग फक्त वरवरचा असतो, खाली ताजा रंग असतो. अशी गाडी पॉलिशने जितकी सुंदर उजळते तितकी दुसरी कुठलीच उजळत नाही. केवळ भुकटी पाहून अशा गाड्यांना लोक नवा रंग मारतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

पॉलिश म्हणजे काढणं

पॉलिश गाडीला काही लावतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते काढतं. जुन्या मोझेकच्या फरशीला मशीन पॉलिश करताना पाहिलं असेल: फरशीवर काही चढवत नाहीत, वरचा ओबडधोबड भाग घासून सपाट करतात आणि सपाट झालेला पृष्ठभाग उजेड सरळ परतवतो. गाडीचंही तसंच. ओरखड्यांच्या खाचांवरून उजेड इकडे तिकडे विखुरतो म्हणून रंग धुरकट दिसतो. पॉलिशमधले बारीक कण त्या खाचांच्या आजूबाजूचा उंच भाग झिजवतात, खाच नाहीशी होते.

म्हणजे प्रत्येक पॉलिश हा क्लिअर कोटच्या ठेवीतून काढलेला पैसा आहे. बारीक पॉलिशने एखादा-दोन मायक्रॉन जातात. रबिंग कंपाउंड, लोकरी पॅड आणि जोरात फिरणारं मशीन असेल तर ३ ते ५ सहज जातात. चाळीसच्या शिलकीत एकदा-दोनदा हे परवडतं. पण सर्व्हिसिंगच्या पॅकेजमध्ये दर वर्षी "रबिंग-पॉलिश फ्री" मिळतं म्हणून जे करून घेतात, ते गाडीचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करत असतात. बॉनेटच्या आणि दाराच्या कडांवर तर थर मुळातच पातळ बसलेला असतो. मशीन तिथे दोन सेकंद जास्त टेकलं तर प्रायमर दिसायला लागतो. चांगला कारागीर कडांना आधी मास्किंग टेप लावतो. पॉलिशला गाडी देताना मी सगळ्यात आधी हेच पाहते.

आणखी एक फसवी गोष्ट. काही पॉलिशमध्ये तेलं आणि भरणारे पदार्थ असतात. ते ओरखडे काढत नाहीत, खाचांमध्ये बसून लपवतात. गाडी घेऊन जाताना आरसा, तीन वेळा धुतली की पुन्हा तीच. उपाय सोपा आहे. पॉलिश झाल्यावर हातभर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसायला सांगा आणि गाडी उन्हात आणून पाहा. जे उरलं ते खरं काम.

वॅक्स, सीलंट, टेफ्लॉन, सिरॅमिक ही मंडळी वेगळी. ती झाकतात, राखतात. ओरखडे काढणं किंवा उडालेला रंग परत आणणं त्यांचं काम नाही. निस्तेज किंवा सुटायला लागलेल्या थरावर सिरॅमिक मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर वॉलपेपर चिकटवणं.

घरच्या घरी तपासणी

गाडी शाम्पूने स्वच्छ धुवा. मग धुतलेल्या पॅनलवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून फिरवा. नुसत्या बोटांना जी खरखर कळत नाही, ती पिशवीतून लगेच कळते: झाडाचा चीक, हवेतली लोखंडी धूळ, बोअरच्या पाण्याचे क्षार. बऱ्याच "विटलेल्या" गाड्या खरं तर मळलेल्या असतात. त्यांना क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखी मऊ वडी, पुरते. ती साबणपाण्यावरून अलगद फिरवली की हे चिकटलेलं सगळं उचलून घेते, रंग जवळजवळ झिजत नाही.

आता पॅनलवर पाणी टाका. ओलं असताना रंग गडद आणि चमकदार दिसतोय का? पाणी बारीक खाचा तात्पुरत्या भरतं, म्हणून ओल्या अंगाने गाडी जशी दिसते, साधारण तशी ती पॉलिशनंतर दिसेल. ओलं असतानाही ठिगळं, पांढऱ्या कडा किंवा कोरड्या जमिनीसारख्या भेगा दिसत असतील तर त्या पॅनलचं पॉलिश तिथेच संपलं. भेगा वरून दिसल्या तरी थराच्या आतपर्यंत गेलेल्या असतात. मशीन लावलं की त्या मोठ्या होतात, आणि सुटलेल्या पापुद्र्याची कड तर पॅडला अडकून आणखी उचकटते.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर तो बहुतेक निघतो. अडकत असेल तर तो काढायला जेवढा थर खरवडावा लागेल तेवढा तुमच्याकडे नाही. तिथे टचअप करा आणि सोडून द्या.

पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी आहे, किंवा क्लिअर कोट तिथे संपलाय. कापड पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. आमच्या बॉनेटवर कापड पांढरं राहिलं, आणि मला फार आनंद झाला. तो टिकला नाही, ते पुढे येईलच.

शेवटचं साधन म्हणजे जाडी मोजणारं गेज. जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे आणि डिटेलिंगवाल्यांकडे ते असतं. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉन दाखवतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर बहुतेक गेज चालत नाहीत. शंभर-सव्वाशे आलं तर रंग कंपनीचा आहे. २००-३०० आलं तर पूर्वी कधी तरी पुन्हा मारलेला. त्याच्याही खूप पुढे गेलं तर आत पुट्टी आहे, तिला आपल्याकडे लांबीही म्हणतात. गेज नसेल तर फ्रिजवरचं पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही. आणि आकडा ७०-८० च्या खाली असेल तर मशीन लावायच्या आधी दोनदा विचार करा, आधीच कोणीतरी बरंच घासून नेलंय.

या सगळ्यानंतरही खात्री होत नसेल, तर चाचणीचा तुकडा करून पाहा. बॉनेटच्या मधोमध टेप लावायचा, एका बाजूला हातभर जागेत पूर्ण पॉलिश करायचं, टेप काढून उन्हात बघायचं. चांगला कारागीर यासाठी कुरकुरत नाही. आम्ही तेच केलं. पॉलिश केलेली बाजू चमकायला लागली, त्यात समोरचा माड दिसायला लागला, पण ती चमकदार गुलाबी झाली. गडद लाल झाली नाही. म्हणजे वरचा थर ठीक होता आणि खालचा बेस कोटच उन्हाने विटला होता. लाल रंगद्रव्यांतली बरीचशी उन्हाला कच्ची असतात, आणि क्लिअर कोटखाली पॉलिश पोचत नाही. बॉनेटचा निर्णय त्या हातभर तुकड्याने दिला.

नवा रंग कुठे जिंकतो, कुठे हरतो

नवा रंग मारताना एक गोष्ट मनाला पटवावी लागते: कंपनीचा रंग परत मिळत नाही. तिथे नुसता सांगाडा असतो, वायरी नाहीत, रबर नाही, काच नाही. तो भट्टीत १४० अंशांच्या आसपास, आणि हौदातला पहिला थर तर त्याहूनही जास्त तापमानाला भाजतात. आपल्या तयार गाडीला इतकं तापवलं तर डॅशबोर्ड वितळेल. म्हणून गॅरेजमधल्या बूथमध्ये, म्हणजे रंगाच्या बंद खोलीत, ६० अंशांच्या आसपास भाजतात आणि उरलेलं काम हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारं रसायन, करतो. हार्डनर मिसळलेला हा दोन घटकांचा रंग म्हणजेच पेंटर ज्याला पीयू (पॉलियुरेथेन) म्हणतात तो. नीट मारला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, हे मी पाहिलेलं आहे.

दुसरा प्रकार एनसी, नायट्रोसेल्युलोज. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने हा रंग 'ड्युको' या नावाने आणला आणि गाडी रंगवायला लागणारे आठवडे दिवसांवर आले. ते नाव आपल्या कारागिरांच्या तोंडी इतकं बसलं की आज लाकडी कपाटालाही "ड्युको मारतात". एनसी लवकर वाळतो, बूथ लागत नाही, स्वस्त पडतो. पण तो फक्त थिनर उडून वाळलेला असतो, आतून पक्का जोडलेला नसतो. आपल्या उन्हात लवकर मरतो आणि पेट्रोल सांडलं तर मऊ पडतो. फुल बॉडीचा दर ऐकून "एवढ्यात होतंय?" असं वाटलं तर हाच रंग असण्याची शक्यता मोठी. तपासायचं असेल तर पूर्ण वाळलेल्या रंगावर, न दिसणाऱ्या जागी, थिनरचा बोळा घासा. एनसी विरघळून बोळ्यावर येतो, पीयू येत नाही. बोलतानाच ठरवून घ्या आणि बिलावर लिहून घ्या.

रंगाच्या नावापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे खालची तयारी. नवा रंग जुन्या रंगावर उभा राहतो. सुटणाऱ्या पापुद्र्याच्या कडेवर सरफेसर मारला तर सहा महिन्यांनी तीच कड नव्या रंगातून डोकं वर काढेल. टपाचा क्लिअर कोट सुटतोय म्हणजे तो जिथे अजून धरून आहे असं वाटतं तिथलाही पूर्ण उतरवायला हवा. या कामात दिवस जातात आणि गाडी घेऊन जाताना ते कुठेच दिसत नाहीत. म्हणूनच घाईत सगळ्यात आधी तेच कापलं जातं. रंग मारायच्या आधी, नुसता घासलेला पत्रा पाहायला गॅरेजमध्ये जा. चांगल्या पेंटरला ते आवडतं.

फोडांबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण इथे आमची एकदा फसगत झाली होती. चार वर्षांपूर्वी त्याच डाव्या पट्टीवर एक फोड आला होता. ज्या गॅरेजला दिली त्यांनी वरून घासून, पुट्टी भरून, दोन दिवसांत सुंदर रंगवून दिली. पुढचा पावसाळा संपला आणि एकाचे दोन फोड झाले. फोड म्हणजे रंगाचा आजार नव्हेच, तो खालच्या गंजाचा आहे. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं आणि ते रंगाला खालून ढकलतं. बहुतेक वेळा गंज आतल्या बाजूने सुरू झालेला असतो. दाराच्या आणि पट्टीच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक छिद्रं असतात. कोकणातली लाल माती त्यात बसली की ती बुजतात आणि पाणी, त्यातही खारं, आत साचून राहतं. त्यावर पुट्टी भरणं म्हणजे कुजणाऱ्या दाताला चुना लावणं. पुट्टी स्वतःही पाणी शोषते. तिला ओल्या कागदाने घासून नीट वाळू न देता रंग मारला तर गंजाला आतूनच पाणी मिळतं.

खरं काम असं: रंग उडवून चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, बारीक खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणारं रसायन, लावायचं, पत्र्याला भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायचा, मग इपॉक्सी प्रायमर, मग बाकीचं. आणि आतल्या पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. छिद्रं मात्र तुम्ही आजच, साध्या झाडूच्या काडीने मोकळी करू शकता.

ऋतूही पाहा. पावसाळ्यात रंगाचं काम शक्यतो काढू नका. दमट हवेत एनसीवर पांढरट धुकं धरतं, आणि पीयूचा हार्डनर पाण्याशी भिडतो, त्यातून बारीक बुडबुडे उठतात. बंद बूथ आणि कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर असेल तर गोष्ट वेगळी, पण गावाकडे पत्र्याच्या शेडमध्ये काम होणार असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि एक कळकळीची गोष्ट. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारा पोरगा दिसला तर मालकाला विचारा की त्याला हवा पुरवणारा मास्क का नाही. आपल्या गाडीच्या चमकेसाठी त्याची फुप्फुसं जाऊ नयेत.

रंग जुळवण्याचं कोडं जुन्या गाडीत अधिक अवघड होतं. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर कंपनीचा कलर कोड असतो, त्यावरून मशीन सूत्र देतं. पण ते सूत्र नव्या गाडीचं. तुमची शेजारची मडगार्डं पंधरा वर्षं ऊन खाल्लेली. म्हणून पेंटरला थेंबाथेंबाने टिंटिंग करून आजच्या रंगापर्यंत यावं लागतं, आणि नवा बेस कोट शेजारच्या पॅनलवर थोडा विरत न्यावा लागतो, म्हणजे डोळ्याला सीमारेषा सापडत नाही. मेटॅलिक रंगात हे आणखी नाजूक, कारण गन किती लांब धरली यावरही छटा बदलते. इथे क्रमाचं एक गुपित आहे, जे आम्हाला रत्नागिरीच्या एका वयस्क पेंटरांनी सांगितलं: "ताई, आधी दारं-मडगार्डं पॉलिश करून आणा, मग मी रंग जुळवतो. धुरकट रंगाशी काय जुळवू?" किती बरोबर! उलट क्रमाने केलं तर नवं बॉनेट जुन्या धुक्याशी जुळवलं जातं, आणि मग मडगार्ड उजळलं की बॉनेट वेगळं पडतं.

हिशेब

छोट्या गाडीचे पॅनल मोजा: बॉनेट, टप, डिकी, चार दारं, पुढची दोन मडगार्डं, मागचे दोन क्वार्टर (मागच्या चाकांवरचे पत्रे), दोन बंपर. तेरा. दर शहरागणिक आणि रंगागणिक बदलतो, पण हिशेबापुरता पॅनलला ३,००० रुपये धरा. फुल बॉडीचे ३९,००० होतात. दोन पॅनलचे ६,०००, अधिक पट्टीचं गंजकाम आणि बाकीच्याला एक पॉलिश. पाच-सहा पॅनल गेलेले असतील तर फुल बॉडीचा विचार रास्त आहे, कारण अर्धी गाडी विरत-विरत जुळवत बसण्यापेक्षा सगळी एकसारखी करणं पेंटरलाही सोपं जातं. त्याखाली असेल तर मी कंपनीचा चांगला रंग कधीच खरवडू देणार नाही. उद्या गाडी विकायची झाली तर जाणकार गिऱ्हाईक गेज लावतो. अख्ख्या गाडीवर ३०० चा आकडा दिसला की तो विचारतो, हिला झालं काय होतं? दोनच पॅनलवर दिसला तर उत्तर सोपं असतं.

गाडी अजून किती वर्षं वापरायची, तेही आधी ठरवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो. आमची २०२४ मध्ये वाढवून झाली, म्हणजे २०२९ पर्यंत ती आमची आहे. दोन वर्षांत काढायचीच असती तर टपावर रंग सोडून बाकी कशालाच हात लावला नसता. रंगाची छटाच बदलायचा मोह होत असेल तर लक्षात ठेवा, आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो आणि तो बदलायचा तर आरटीओकडे जावं लागतं. मूळ रंगच पुन्हा मारला तर काही करावं लागत नाही.

विम्याकडून आशा ठेवू नका. ऊन आणि वयाने गेलेला रंग झीज धरला जातो, भरपाई मिळत नाही. अपघातात पॅनल रंगवावा लागला तरी झिरो डेप (घसारा न कापणारा जादा विमा) नसेल तर रंगसामानाच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापतात, आणि रंगकामाचं बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग सामानाचा धरतात. म्हणजे १०,००० च्या बिलात २,५०० सामान, त्यातले १,२५० तुमच्या खिशातून.

आम्ही काय केलं? मागच्या डिसेंबरमध्ये आधी दारं, मडगार्डं आणि डिकी पॉलिश करून घेतली, एकदाच, बारीक पॉलिशने, कडांना टेप लावून. बंपरचे ओरखडे तसेच ठेवले. मग टप आणि बॉनेटचा जुना थर पूर्ण उतरवून ते पीयूमध्ये रंगवले. पट्टीचा बोटभर पत्रा कुजलेला निघाला, तो कापून नवा बसवला. गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये होती. पहिला महिना नुसत्या पाण्याने धुतली, वॅक्स लावला नाही, कारण भाजलेल्या रंगातूनही थिनर हळूहळू अनेक दिवस बाहेर पडत असतो आणि त्यावर झाकण घालायचं नसतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, अगदी शोधलं तर बॉनेट आणि मडगार्ड यांच्यात किंचित फरक कळतो. बाबांना कळत नाही.

पेंटर काकांनी निघताना उरलेला रंग एका छोट्या बाटलीत भरून दिला आणि टिंटिंगचं सूत्र कागदावर लिहून. बाटलीवर तारीख घालून ती बाबांनी कपाटात सावलीला ठेवली आहे आणि कागद आरसीच्या पाकिटात. आता माडांखाली गाडी लावायची नाही म्हणून ते अंगणात शेड घालायच्या मागे आहेत.